सांधा कुठे लपवलाय?

प्लॅस्टिकचा रोबो जोडून झाला की त्याचा फोटो काढायची एक ठरलेली पद्धत आहे. एक गुडघा वाकलेला, कंबर किंचित वळलेली, तलवार तिरकी आणि खाली पारदर्शक स्टँड. अशा फोटोत वाईट दिसणारं किट मी अजून पाहिलेलं नाही. स्टँडने कंबरेत धरल्यावर पायांना काही काम उरत नाही. उजेड एका बाजूने टाकला की जोडाच्या रेषा विरून जातात. फोटो निघेपर्यंत सैल मनगटसुद्धा तलवार धरून राहतं. त्यामुळे कुणी असा फोटो पाठवून ‘हे किट कसं आहे?’ असं विचारलं की मला काही सांगता येत नाही. रोबो ज्या चौकटीवरून कापून काढला, तिचा फोटो असेल तर पाठव, असं म्हणते. लोकांना हा आगाऊपणा वाटतो.

ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खोक्यात रोबो नसतो. प्लॅस्टिकच्या सपाट चौकटी असतात, त्यांना रनर म्हणतात. रनरच्या काड्यांना सुटे भाग लटकलेले असतात, प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. भाग काडीला जिथे चिकटलेला असतो तो छोटा दांडा म्हणजे गेट. निपरने (बारीक धारदार पकडीने) गेट कापायचं, आकडे पुस्तिकेतल्या चित्रांशी जुळवायचे आणि एकात एक दाबून बसवायचे. हल्लीच्या बहुतेक किटांना गोंद लागत नाही, खुंटी आणि भोक यांच्या घट्टपणावर सगळं उभं राहतं. वर्णन करायला एवढंच आहे, आणि एवढ्यासाठी आमची रात्र जाते.

पण रनर नीट पाहायला शिकलं की त्यात बरंच काही वाचता येतं. पॉलिस्टायरीनचे दाणे साधारण दोनशे अंशांवर वितळवून प्रचंड दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. वितळलेलं प्लॅस्टिक काड्यांच्या वाटेने धावतं आणि गेटमधून भागाच्या पोकळीत शिरतं. थंड झाल्यावर साच्याचे दोन अर्धे उघडतात आणि रनर सरळ बाहेर पडतो. ‘सरळ’ हा इथला कायदा आहे. आत वळलेला कोपरा किंवा आडवं भोक असेल तर भाग साच्यात अडकून बसतो. साधी बंदुकीची नळी आतून पोकळ दाखवायची तर साच्याला बाजूने सरकणारा आणखी एक तुकडा द्यावा लागतो, आणि साचा महागतो. भिंत जाड झाली तर थंड होताना प्लॅस्टिक आत ओढलं जातं आणि बाहेर खळगा दिसतो. भागाला साच्याबाहेर ढकलणाऱ्या पिना गोल ठसे सोडून जातात. हे ठसे दर्शनी बाजूला येऊ द्यायचे की आतल्या, गेट छातीच्या धारेवर ठेवायचं की दुसऱ्या भागाखाली झाकलं जाईल अशा जागी, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असतं. किटचं मूल्यमापन म्हणजे माझ्या लेखी त्या माणसाचं मूल्यमापन. त्याने माझ्या हातांचा किती विचार केला होता?

मी मुख्यतः गनप्ला जोडते, म्हणजे ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी मालिकेतल्या रोबोंची किटं. विमानांची आणि रणगाड्यांची मॉडेलं करणारे आमच्याकडे जरा वरून पाहतात. त्यांच्याकडे मोजपट्टी असते ना! खरं विमान संग्रहालयात उभं असतं, त्याचे आराखडे मिळतात, पंखाची लांबी एका मिलिमीटरने चुकली तरी वाद घालता येतो. आमच्याकडे मूळ वस्तूच नाही. १९७९ साली कुनिओ ओकावारांनी रेखाटलेला गंडम कागदावर जन्मला आणि पडद्यावर चालला. अ‍ॅनिमेशनमध्ये त्याचा दंड हवा तेव्हा लांबतो, कंबर हवी तशी वळते, चिलखताचे दोन पत्रे एकमेकांतून आरपार गेले तरी कुणी अडवत नाही. रेघ वाकते. पॉलिस्टायरीन वाकत नाही, तुटतं.

तरीही या किटांवर प्रमाण छापलेलं असतं. कथेतला गंडम १८ मीटर उंच. म्हणून १/१४४ मध्ये तो साडेबारा सेंटिमीटरचा होतो, १/१०० मध्ये अठराचा, १/६० मध्ये तिसाचा. नसलेल्या वस्तूचं प्रमाण काढायचं ही गंमत मला अजूनही पुरती पचलेली नाही. पण तिच्यामुळे एक चांगला प्रश्न हाती लागतो. हा खेळणं दिसतो, की लांबून पाहिलेली अठरा मीटरची वस्तू? पत्र्यांच्या रेघा फार रुंद आणि खोल कोरल्या की रोबो लगेच खेळण्याएवढा होतो. चिलखताच्या कडा जाड राहिल्या की तेच. डोकं किंचित लहान केलं की धड मोठं भासतं. चांगला आराखडा करणारा या फसवणुकीत तरबेज असतो, आणि एकाच रोबोच्या वेगवेगळ्या सालांतल्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की प्रत्येक पिढीला ‘अठरा मीटर’ वेगळे दिसले होते हे कळतं.

पुढे मूळ वस्तूही बनवली गेली, हा आणखी मजेदार भाग. २००९ साली टोकियोच्या ओदाइबा भागात पूर्ण उंचीचा पुतळा उभा राहिला, आणि डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत योकोहामाच्या बंदरात हलणारा गंडम होता. तो गुडघा उचलायचा, हात पुढे करायचा, मान वळवायचा. कथेतल्या गंडमचं वजन ४३.४ टन, योकोहामातल्याचं सुमारे २५. पण पाहणाऱ्यातल्या किट जोडणाऱ्यांचं लक्ष गेलं ते त्याच्या कंबरेकडे. मागून एका पोलादी आधाराने त्याला धरून ठेवलं होतं. पंचवीस टनांचा तोल दोन पायांवर सांभाळायची जबाबदारी कुणी त्याच्यावर टाकली नव्हती. टेबलावरच्या साडेबारा सेंटिमीटरवाल्याकडून मात्र आपण ती अपेक्षा सहज करतो.

पहिलं गनप्ला जुलै १९८० मध्ये आलं, किंमत ३०० येन. मालिका तोवर संपून काही महिने झाले होते. प्रेक्षक कमी म्हणून ५२ भागांचा बेत ४३ भागांत आटोपला होता, आणि पुनःप्रक्षेपणं आणि ही स्वस्त किटं यांनीच तिला पुन्हा उभं केलं. ते किट आजही पुन्हा पुन्हा बाजारात येतं. त्यात सगळे भाग एकाच पांढऱ्या रंगाचे. गोंद लावा, वाळवा, घासा, मग निळा, लाल, पिवळा स्वतः रंगवा. पाय पुढेमागे हलतात, बाजूला फाकत नाहीत. आजच्या मोजमापाने त्याला गुण द्यायचे तर नापासच करावं लागेल. मी ते एकदा जोडलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या काळातल्या मुलांनी खुबे करवतीने कापून नवे सांधे का बसवले असतील. किट जिथे थांबलं होतं तिथून पुढचं काम त्यांचं होतं. तिथे रोबोपेक्षा जोडणाराच जास्त दिसतो.

मग एकेक काम कारखान्याने आपल्या अंगावर घेतलं. एकाच रनरवर चार रंगांचं प्लॅस्टिक ओतणारी यंत्रं आली, खुंटी-भोकांनी गोंदाची गरज संपवली. किटांच्या नव्या श्रेणी आल्या: १९९० मध्ये हाय ग्रेड, १९९५ मध्ये आतल्या यंत्रणेपर्यंत जाणारी मास्टर ग्रेड, १९९८ मध्ये १/६० चा पर्फेक्ट ग्रेड गंडम, २०१० मध्ये रिअल ग्रेड. या शेवटच्या प्रकारात एक चमत्कार आहे. रोबोचा सांगाडा रनरवरच जोडलेल्या अवस्थेत येतो. दोन प्रकारचं प्लॅस्टिक एकामागून एक ओतून गुडघे आणि कोपरे साच्यातच घडवतात. काडीपासून कापलं की सपाट पाय तुमच्या बोटांत दुमडतो. पहिल्यांदा हे करताना मी उगाच चार-पाच वेळा तो पाय दुमडून सरळ केला. हे सगळं जपानच्या शिझुओका प्रांतात घडतं. गनप्ला बनवणाऱ्या बंदाई कंपनीचा कारखाना तिथे, मॉडेलं बनवणारी तामिया तिथलीच, आणि हासेगावा, आओशिमा, फुजिमी याही त्याच प्रांतातल्या. लाकूडकामाची जुनी परंपरा असलेल्या त्या भागात प्लॅस्टिक मॉडेलांचा धंदा रुजला. तामियाची सुरुवातसुद्धा १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून झाली होती.

आता कापण्याबद्दल, कारण मी किटला देते त्या गुणांपैकी निम्मे इथे ठरतात.

गेट एका घावात कापायचं नाही. आधी भागापासून थोडं लांब, काडीच्या बाजूने कापून भाग मोकळा करायचा. मग उरलेला ठोंब पातळ पात्याच्या निपरने, तोही अगदी लगत न जाता. राहिलेला कण चाकूने किंवा सँडपेपरने काढायचा. ४०० नंबरने सुरू करून ६००, ८००, १०००. घाई केली तर प्लॅस्टिक पांढरं पडतं. ताणामुळे आतले रेणू ओढले जाऊन सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि प्रकाश त्यांच्यावरून विखुरतो, म्हणून तो डाग. पांढऱ्या भागावर तो खपून जातो. गडद निळ्यावर किंवा काळ्यावर जन्मभर टोचत राहतो. नखाने हलकेच दाबलं की थोडा फिका होतो, घासून मॅट कोट (चकाकी घालवणारा फवारा) दिला की बऱ्याचदा दिसेनासा होतो. पण मुळात गडद रंगाच्या भागाचं गेट दर्शनी धारेवर यावंच का, हा माझा प्रश्न. काही साच्यांत गेट भागाच्या पोटाखालून येतं, त्याला अंडरगेट म्हणतात. कापायला एक घाव जास्त लागतो, पण कापल्याची खूण बाहेर येतच नाही. अंडरगेट दिसलं की मी मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाला नमस्कार करते.

उलटही घडतं. एका किटात (नाव राहू दे) छातीच्या टोकदार कडेवरच तीन गेटं होती. घासून काढावं तर कडेची धार बोथट होते, न घासावं तर तीन ठिपके रोबोच्या छातीवर बिल्ल्यांसारखे चमकतात. झाकणावरच्या चित्रात ती छाती काय झळाळत होती! त्या किटचे फोटो मी काढले आणि लोकांनी कौतुकही केलं. तीन ठिपके सावलीत होते.

गेटांनंतर शिवणी. दंड, मांडी, बंदूक हे भाग बहुधा डावा-उजवा असे दोन अर्धे करून बनवतात, कारण साच्यातून सरळ बाहेर यायचं तर दुसरा सोपा मार्ग नाही. दोन अर्धे मिटले की मधोमध एक रेघ राहते. जुन्या किटांत ती थेट दंडाच्या पाठीवरून धावते. तिच्यावर उपाय आहे. कडांना द्रावक सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवणारा गोंद) लावून प्लॅस्टिक मऊ करायचं, दाबून थोडं बाहेर फुगू द्यायचं, पुरतं वाळलं की घासून सपाट करायचं. काम सोपं, पण वाळण्याची वाट पाहावी लागते. खरी अडचण पुढेच असते. त्या दोन अर्ध्यांच्या पोटात कोपराचा सांधा पकडलेला असतो. शिवण कायमची बंद केली की सांधाही आतच राहिला. आता तो वेगळा रंगवायचा कसा? मग सांध्याच्या खाचेला चीर देऊन तो नंतर बाहेरून बसवता येईल अशी सोय करावी लागते. जपानी मंडळींनी या कापाकापीचं अक्षरशः शास्त्र केलेलं आहे.

नव्या किटांत आराखडा करणारा हे सगळं आधीच ओळखून असतो. चांगला शिंपी शिवण काखेत नेतो तसं तो दोन अर्ध्यांची सीमा चिलखताच्या पत्र्यांच्या नैसर्गिक सीमेवर नेऊन ठेवतो. रेघ दिसते, पण ती तिथे असायलाच हवी होती असं वाटतं. किंवा वरून तिसरा पत्रा येऊन तिला झाकतो. मी पुस्तिका चाळताना एकच गोष्ट शोधत असते: सांधा कुठे लपवलाय? ज्या किटात तो शोधूनही सापडत नाही, तिथे मी पहिल्याच बैठकीत दोन गुण जास्त देऊन मोकळी होते. हे पक्षपाती आहे, मला मान्य आहे.

जोडण्याच्या क्रमालाही गुण असतात, ते फारसं कुणी देत नाही. चांगली पुस्तिका डोकं आणि धड लवकर पूर्ण करू देते, म्हणजे समोर कुणीतरी बघणारा तयार होतो आणि पुढच्या कामाला हुरूप येतो. पाय नेहमी दोन असतात, हे या छंदातलं कटू सत्य. डावा पाय जोडताना प्रत्येक भाग नवा असतो. उजवा म्हणजे तोच मजकूर पुन्हा. पाठीवर एकसारख्या आठ-दहा पात्यांचे पंख असतील तर सहनशक्तीची परीक्षाच. काही जण दोन्ही पायांचे भाग एकदम कापून समांतर जोडतात. मला ते जमत नाही. मला दुसरा पाय वेगळा हवा असतो, कारण तेव्हा हातांना वाट पाठ झालेली असते आणि डोळे मोकळे असतात. पहिल्या पायात न दिसलेली युक्ती, म्हणजे गुडघा वाकला की आपोआप वर सरकणारा एखादा पत्रा, बहुतेक वेळा दुसऱ्या पायात दिसते.

स्टिकर, डिकॅल, पत्र्यांच्या रेघांत भरायची काळी शाई या गोष्टींवर लोक पानंच्या पानं लिहितात, मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की चकचकीत प्लॅस्टिकचं खेळणेपण घालवायला मॅट कोटसारखा स्वस्त आणि झटपट उपाय नाही, आणि दमट हवेत तो फवारला की पांढुरकी धुरी धरते. रेघांत भरायला पातळ केलेलं एनॅमल वापरणार असाल तर ते एबीएस प्लॅस्टिकवर किंवा ताणाखाली असलेल्या भागावर ओघळू देऊ नका. द्रावक त्या ताणातून आत शिरतं आणि भाग रात्रीतून तडकतो. अलीकडच्या किटांत सांगाड्यासाठी एबीएसऐवजी सुधारित पॉलिस्टायरीन वापरायचा कल आहे. त्यामुळे रंगवणाऱ्यांचा एक घोर कमी झाला.

मग उभं राहणं. माझी परीक्षा इथे खरी सुरू होते आणि ती फोटो काढल्यानंतरची असते. पाठीवर सगळं ओझं चढवायचं, एका हातात सर्वांत मोठी बंदूक द्यायची, हात आडवा सरळ पसरायचा आणि स्टँडशिवाय कपाटावर ठेवून विसरून जायचं. दोन-तीन आठवड्यांनी पाहायचं. हात किती खाली आला? कंबर मागे झुकली का? घोटा कलला का? सांध्यांत बऱ्याचदा पॉलिकॅप नावाचे मऊ पॉलिथिलीनचे वाटोळे बूच असतात. त्यांना रंग धरत नाही, गोंद चिकटत नाही, पण ते पकड छान सांभाळतात. हल्ली ते काढून टाकून प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासणारे सांधे करायची पद्धत वाढली आहे. सुरुवातीला ते छान घट्ट असतात आणि दिसायलाही नीटनेटके. टिकतात किती, हे मात्र तुम्ही रोबोला किती वेळा उठवता-बसवता यावर ठरतं. सैल झालाच तर गोलकावर सुपरग्लूचा पातळ थर देऊन, पूर्ण वाळवून मगच परत बसवायचा. न वाळवता बसवलात तर तो कायमचा पुतळा झाला.

यात घोट्याला मी खुब्यापेक्षा जास्त महत्त्व देते. पाय कितीही फाकोत, तळवा जमिनीला सपाट टेकला नाही तर सगळा डौल खोटा ठरतो. गुडघा पूर्ण दुमडतो म्हणून कौतुक करणाऱ्या परीक्षणांत घोटा बाजूला किती कलतो हे क्वचितच लिहिलेलं असतं.

या सगळ्यात २०२० साली आलेल्या एंट्री ग्रेड गंडमने मला पेचात टाकलं. १/१४४ चाच तो. तेव्हा करापूर्वीची किंमत ७०० येन. निपर लागत नाही, भाग बोटांनी रनरवरून सुटतो. गोंद नाही, रंग नाही, स्टिकरसुद्धा नाहीत. डोळ्यांचा रंगही वेगळ्या भागांतूनच येतो. शिवणी शोधून सापडत नाहीत. घोटा कलतो, तळवा टेकतो, कपाटावर महिनोन् महिने हात खाली येत नाही. वर लिहिलेल्या प्रत्येक निकषावर तो पहिला येतो. आणि मी तो एका चहाच्या कपाएवढ्या वेळात संपवून रिकाम्या हातांनी बसून राहिले. करायला काही उरलंच नव्हतं! १९८० च्या किटने सगळंच माझ्यावर टाकलं होतं, याने काहीच टाकलं नाही.

तेव्हापासून मी एकाऐवजी दोन आकडे लिहिते. एक उभ्या असलेल्या रोबोचा, एक तो जोडत असतानाच्या वेळेचा. दोन्हींची बेरीज करत नाही. एंट्री ग्रेडला पहिला आकडा जवळजवळ पूर्ण आणि दुसरा बेताचाच. त्या तीनशे येनवाल्याचं बरोबर उलटं. माझ्या आवडीची किटं मधल्या पट्ट्यात पडतात. त्यांत खुब्याचं गणित कारखान्याने चोख सोडवलेलं असतं, पण खांद्याच्या आतल्या नळ्या तेवढ्या एकाच करड्या रंगात ठेवलेल्या असतात, किंवा बंदुकीवर एक शिवण राहून गेलेली असते. तेवढी जागा मला पुरते. ती मुद्दाम सोडली असेल असं मला वाटत नाही. चार रंगांत पाचवा बसला नसेल किंवा साच्याचा खर्च आवरला असेल, इतकंच कारण असणार.

त्यामुळे कुणी नव्याने सुरुवात करायची म्हणून विचारलं तर मी त्यांना एंट्री ग्रेडच सांगते, आणि तो जोडून झाल्यावर काय केलंस ते कळव म्हणते. काही जण लगेच पुढचं, मोठं, महाग किट मागवतात. काही जण तो कपाटावर ठेवतात आणि त्यांचं तिथे भागतं, त्यांनाही मी नावं ठेवत नाही. पण एखादा पुन्हा फोटो पाठवतो. त्यात रोबोचा दंड काढून ठेवलेला असतो, टेबलावर सँडपेपरचा चुरा पडलेला असतो, आणि खाली विचारलेलं असतं की कोपराच्या आतल्या बाजूला दिसणारी ही बारीक फट कशाने बुजवायची. त्याला मी सविस्तर उत्तर लिहिते. सिमेंट कुठलं, किती वेळ वाळू द्यायचं, कुठल्या नंबरच्या कागदाने सुरुवात करायची, आणि सांधा आत बंद होऊ नये म्हणून खाचेला चीर कुठे द्यायची, सगळं.